कळ, कळणे आणि दखल

मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. ठणका, सणक, चमक, शूल, मुरडा, पेटका, ठसठस, उसण, कळ असे कितीतरी शब्द नित्याच्या बोलण्यात आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ठणक्याला लय असते, चमक येते आणि जाते, ठसठस एका जागी मुक्काम करते, मुरडा आतून पिळतो. पाळीच्या दुखण्याविषयी बोलताना बायका ओटीपोटात गोळा येतो म्हणतात, कंबर धरली म्हणतात, मांड्या गळून गेल्या म्हणतात. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनामापनासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला तशी यादी करायला फारसे सायास पडले नसते. एवढी सामग्री हाताशी असताना, वर्षानुवर्षे दरमहा तीव्र वेदना सोसणारी स्त्री आपले दुखणे सांगते तेव्हा ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत का नाही? हा प्रश्न भाषेचा आहे की नीतीचा?

वेदना आणि भाषा यांच्या संबंधाविषयीची प्रतिष्ठित मांडणी हा प्रश्न भाषेचा मानते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात अशी तक्रार केली की, प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीच्या मदतीला थोर कवी धावून येतात, पण डोकेदुखीचे वर्णन करू पाहणाऱ्याची भाषा मात्र आटून जाते. इलेन स्कॅरी यांच्या 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथाने या तक्रारीला सिद्धान्ताचे रूप दिले. प्रेम कोणावर तरी असते, भय कशाचे तरी असते. शारीरिक वेदनेला मात्र बाहेरच्या जगात विषय नसतो, म्हणून ती भाषेत उतरण्याचे नाकारते, इतकेच नव्हे तर भाषेचाच विध्वंस करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर वेदना हा विभावहीन भाव आहे. त्याला आलंबन नाही, म्हणून त्याचे साधारणीकरणही नाही. स्कॅरी यांच्यासमोर छळ आणि युद्ध यांतील वेदना आहे, आणि तेथे किंकाळी हीच अखेरची भाषा उरते हे मान्य करावे लागेल. परंतु तारीख सांगून येणारी वेदना वेगळ्या जातीची असते. ती येते तेव्हा बोलणे खुंटते, हे खरे. पण ती ओसरते, आणि पुन्हा येणार हे ठाऊक असलेल्या मधल्या दिवसांत सोसणारी स्त्री आठवू शकते, तुलना करू शकते, या खेपेची कळ मागच्या खेपेहून कशी निराळी होती हे नेमके सांगू शकते. हिलरी मँटेल या इंग्रज कादंबरीकर्तीने २०१० साली रुग्णालयातील मुक्कामावर लिहिलेल्या टिपणांत वुल्फ यांचे म्हणणे याच मुद्द्यावर खोडून काढले आहे. वेदनेच्या शब्दांचा दुष्काळ नसून रेलचेल आहे, असे त्या बजावतात.

मँटेल यांना हे म्हणण्याचा अधिकार महागात मिळाला होता. 'गिव्हिंग अप द घोस्ट' (२००३) या आत्मकथनात त्यांनी त्याची हकिकत दिली आहे. तरुणपणी त्या दुखण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा त्यांना आधी मनाची औषधे मिळाली, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे रवानगी झाली, मग त्याहून उग्र औषधे आली आणि त्या औषधांच्या परिणामांची गणना पुन्हा आजाराच्या लक्षणांत झाली. लेखन करू नये असाही सल्ला त्यांना देण्यात आला. शब्दांवर ज्यांची विलक्षण हुकमत होती अशा स्त्रीचे निवेदन खोटे ठरले ते शब्द अपुरे पडले म्हणून नव्हे. उलट तिचे शब्द फार नेटके होते, आणि नेटकेपणा हेच मनोविकाराचे चिन्ह मानले गेले. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांनी आपला रोग स्वतः ओळखला. लंडनमध्ये त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि निदान खरे ठरले. त्या वेळी त्यांचे वय २७ होते, आणि त्या शस्त्रक्रियेने अपत्यप्राप्तीची शक्यता कायमची गेली.

तो रोग म्हणजे एन्डोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढते. तेथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि तरीही निदान होईपर्यंत बहुधा कित्येक वर्षे लोटतात. साधी सोनोग्राफी पुष्कळदा काहीच दाखवत नाही. 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत' हे वाक्य म्हणूनच या दुखण्याच्या चरित्रात ध्रुवपदासारखे येते. परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. शस्त्रक्रियेत रोगाचा विस्तार जेवढा दिसतो तेवढ्या प्रमाणात वेदना असते, असे मुळीच नाही. चार बारीक ठिपके असलेली स्त्री अंथरुणाला खिळते आणि अवयव चिकटून गेलेली एखादी फारशी तक्रारही करत नाही. म्हणजे शरीर उघडून पाहिले तरी कळ दिसत नाही. दिसते ते तिचे एक संभाव्य कारण. आणि ज्या स्त्रियांच्या बाबतीत असे कोणतेच कारण सापडत नाही, केवळ प्रोस्टाग्लॅन्डिन या द्रव्यांच्या अतिरेकाने गर्भाशय आवळले जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटत राहतो, त्यांचे दुखणे त्यामुळे कमी दुखरे ठरत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, व्यक्तीने आपल्या अनुभवाला वेदना म्हटले तर त्या कथनाचा आदर व्हावा, अशी पुस्ती जोडली ती याच जाणिवेतून. मात्र 'आदर' हा शब्द नीतिशास्त्राचा आहे, वैद्यकाचा नव्हे. पुराव्याच्या शास्त्राने शेवटी नीतीकडे बोट दाखवावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

दुसऱ्याची वेदना कळते कशी, या प्रश्नावर विट्गेन्श्टाइन यांनी 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) मध्ये जे विवेचन केले त्याचा रोख असा की, 'मला दुखते' हे वाक्य आतल्या एखाद्या वस्तूचे वर्णन नव्हे. मूल रडते त्या रडण्याच्या जागी मोठेपणी हे वाक्य येते. रडणाऱ्या मुलाला कोणी पुरावा मागत नाही. स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९६९ च्या 'मस्ट वी मीन व्हॉट वी से?' या संग्रहातील एका निबंधात याच धाग्याला पुढे नेऊन 'जाणणे' आणि 'दखल घेणे' यांत भेद केला. दुसऱ्याला दुखते आहे हे ठाऊक असणे पुरेसे नसते. त्या ठाऊक असण्याने ऐकणाऱ्यावर काही देणे लागू होते, आणि ते न देणाऱ्याचे ज्ञान अपुरे नसते, वर्तन अपुरे असते. हा भेद मराठीला परका नाही. 'वेदना' हा शब्दच 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आलेला आहे. 'कळ' आणि 'कळणे' यांची व्युत्पत्ती एक नसेल, पण मराठी कानाला ती दोन्ही एकाच घरची वाटतात; 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण तर वेदनेला ज्ञानाचे एकमेव द्वार मानते. ही म्हण सहानुभूतीने वापरली जाते खरी, परंतु तिच्यात एक पळवाटही आहे. ज्याचे जळत नाही त्याला कळणार नाही, हे एकदा ठरले की न जळणारा मोकळा झाला. न कळताही दखल घेता येते, किंबहुना दखल घेण्याचा प्रसंग न कळण्याच्याच ठिकाणी येतो, याला म्हणीत जागा नाही.

आणि मग 'कळ काढणे' हा प्रयोग येतो. 'थोडी कळ काढ' असे म्हणताना कळ असल्याचे मान्य केलेले असते आणि त्याच श्वासात ती निकालात काढलेली असते.

मराठी समाजाने पाळीची दखल घेतली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फार मोठी दखल घेतली, पण ती विटाळाची. 'बाहेरची', 'अडचण', 'कावळा शिवला' ही सारी परिभाषा स्पर्शाची आहे, संवेदनेची नव्हे. कावळा शिवला म्हणून सांगणाऱ्या बाईवर कोणी अविश्वास दाखवला नाही. तो कावळा कधीच कोणी पाहिला नव्हता, तरी तीन दिवसांची सुट्टी बिनतक्रार मंजूर होत असे. ज्या समाजाने न दिसणाऱ्या अशौचावर इतका गाढ विश्वास ठेवला त्याने न दिसणाऱ्या कळेकडे मात्र पुरावा मागितला, हा विरोधाभास सहज नजरेआड होतो. सोयराबाईंनी चौदाव्या शतकात देहाच्या विटाळाविषयी जो मूलगामी प्रश्न उपस्थित केला त्याचे मोल वादातीत आहे. पण तोही प्रश्न विटाळाचाच होता. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) या मासिकाने स्त्रीदेहाची चर्चा सोवळ्याओवळ्यातून सोडवून शास्त्राच्या उजेडात आणली. सुधारणेची लढाई शुद्धाशुद्धाच्या मैदानावर झाली आणि तेथे ती बऱ्याच अंशी जिंकलीही गेली. वेदना त्या मैदानावर नव्हतीच. जुन्या काळी बाजूला बसणे हा अपमान होता आणि त्याच वेळी तेवढीच विसावा होता, असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका अनेकांना भेटल्या असतील. त्यांच्या बोलण्यावरून रूढीचे समर्थन निघत नाही. निघते ते इतकेच की, तिरस्कारापोटी का होईना, जी उसंत मिळत होती ती तिरस्काराबरोबर गेली, आणि आदरापोटी ती पुन्हा देण्याचे कोणाला सुचले नाही.

साहित्यातही हीच विभागणी दिसते. 'वेणा' हा शब्द मराठी समीक्षेला अतिशय प्रिय आहे. सर्जनाच्या वेणा, निर्मितीच्या वेणा यांवाचून कवितेविषयी बोलणेच अवघड व्हावे. प्रसूतीच्या वेदनेला फळ आहे, म्हणून तिला अर्थ आहे, म्हणून तिला रूपक होण्याचा मान आहे. पाळीच्या कळेला फळ नाही. परंपरेच्या दृष्टीने ती फळ न धरल्याची खूण. तिच्यातून कथानक निघत नाही, कारण पुढच्या महिन्यात ती जशीच्या तशी परत येते. आश्चर्य असे की, जुने वैद्यक या बाबतीत साहित्याहून अधिक सावध होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांपैकी 'उदावर्ता' हिचे वर्णन करताना स्राव मोकळा झाला की त्याच क्षणी बरे वाटते, अशी नोंद आहे. ही नोंद कोणीतरी कोणाला तरी विचारल्याखेरीज होऊ शकत नाही.

दैनंदिन निभावणीचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा, कारण या दुखण्यातील सर्वांत नाजूक नैतिक पेच तेथेच आहे. महाविद्यालयात शिकवणारी किंवा बँकेत काउंटरवर बसणारी एखादी स्त्री कल्पावी. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीचे बारीक ठिपके असतात आणि लग्नाची बोलणी, परीक्षेची ड्युटी, गावाचा प्रवास यांना होकार देण्यापूर्वी ती मनातल्या मनात त्या ठिपक्यांकडे पाहते. गोळी कळ सुरू झाल्यावर नव्हे, सुरू होण्याच्या बेतात घ्यायची, आणि रिकाम्या पोटी नाही, हे तिला अनुभवाने कळलेले असते. म्हणून पर्समध्ये गोळीबरोबर बिस्किटाचा पुडा असतो. एस.टी.त मागच्या सीटवर बसायचे नाही. गरम पाण्याची पिशवी कार्यालयात नेता येत नाही, पण गरम पाण्याची बाटली पदराआड पोटाशी धरता येते. कळ उठते त्या क्षणी फळ्याकडे वळून लिहायला लागले की वर्गाला चेहरा दिसत नाही, आणि दोन ओळी लिहून होईपर्यंत ती ओसरते. त्यातही दुखणे चार दिवसांपुरते असते तर हिशेब तरी सोपा होता. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यात शौचाला बसणे, खुर्चीत फार वेळ बसणे, पतीचा सहवास, यांपैकी काय केव्हा दुखेल याचा भरवसा नसतो. तरीही काम होते, डबे भरले जातात, उत्तरपत्रिका तपासून होतात.

हे सारे कौशल्य आहे, आणि ते तिच्याच विरुद्ध साक्ष देते. ती इतके निभावते त्या अर्थी दुखणे बेताचेच असणार, असे ऐकणारा म्हणतो. आणि ती निभावू शकली नाही तर तिचे मन कमकुवत असल्याचे तोच म्हणतो. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष ठरलेला असल्यामुळे तिच्या वर्तनातून वेदनेचा पुरावा निघण्याची शक्यताच राहत नाही. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्याला साक्षीबाबतचा अन्याय म्हटले, म्हणजे सांगणारा कोण आहे यावरून त्याच्या सांगण्याची पत कमी धरणे, त्याचे हे एक टोकाचे रूप आहे. येथे पत कमी होते ती सांगणारीच्या दुर्गुणामुळे नव्हे, तिच्या गुणामुळे. सहनशीलतेला सद्गुण म्हणण्यापूर्वी म्हणूनच एक गोष्ट तपासली पाहिजे. सद्गुण हा निवडीतून येतो. न सोसण्याचा पर्याय जिच्यासमोर नाही तिच्या सोसण्याची स्तुती करणे म्हणजे पर्याय न ठेवणाऱ्यांची वर्तणूक झाकणे होय.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. कथन हाच पुरावा मानला तर खोटे बोलणाऱ्यांचे फावेल, आणि स्त्रीचे शरीर मुळातच कामाला अपुरे आहे या जुन्या समजाला बळ मिळेल. मासिक पाळीच्या रजेचा वाद नेमका याच दोन भयांभोवती फिरतो. बिहार सरकारने १९९२ मध्येच आपल्या कर्मचारी स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. स्पेनने २०२३ मध्ये कायदा केला, पण डॉक्टरांच्या दाखल्याची अट घातली. म्हणजे कळेला पुन्हा कागद लागलाच. त्याच वर्षी १३ डिसेंबरला राज्यसभेत तत्कालीन मंत्री स्मृती इराणी यांनी पाळी हे अपंगत्व नसून स्त्रीजीवनाचा नैसर्गिक भाग आहे, अशी भूमिका घेऊन वेगळ्या सवेतन रजेला विरोध दर्शवला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा विषय असल्याचे सांगताना अशा सक्तीमुळे स्त्रियांना नोकऱ्या मिळणे कठीण होईल, ही शंका बोलून दाखवली. शंका निराधार नाही. परंतु 'नैसर्गिक' या शब्दाने जो प्रवास केला आहे तो पाहण्यासारखा आहे. विटाळाच्या विरोधात सुधारकांनी उगारलेले हे शस्त्र होते. पाळी अपवित्र नाही, नैसर्गिक आहे. आता तोच शब्द कळेच्या विरोधात उभा आहे; पाळी नैसर्गिक आहे, म्हणून दुखणेही नैसर्गिक, म्हणून रजा कशाला? दात किडणेही निसर्गातच घडते. राहिला खोटेपणाचा प्रश्न. डोकेदुखीचे निमित्त सांगून रजा घेणारे पुरुष प्रत्येक कार्यालयात आहेत, त्यावरून डोकेदुखीच्या अस्तित्वावर चर्चासत्र भरल्याचे ऐकिवात नाही.

तथापि कथनावर विश्वास ठेवला की दखल घेतली गेली, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल, आणि याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, आणि एकजण जरी कामावर आला नाही तरी खाडा पडून दंड उचलीत चढतो. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी नाही. पोट दुखते, अंगावरून जाते, असे सांगत ही बाई खाजगी दवाखान्यात जाते तेव्हा तेथे तिच्यावर अविश्वास दाखवला जात नाही. तिचे दुखणे ताबडतोब मान्य होते, कर्करोगाची भीती घातली जाते, आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. मँटेल यांचे कोणी ऐकले नाही. या बायकांचे पहिल्याच वाक्याला ऐकले गेले. दोन्हीकडे गर्भाशय गेले.

या दोन टोकांत समान काय आहे ते पाहिले म्हणजे दखल या कल्पनेतला आशय थोडा स्पष्ट होतो. दोन्ही ठिकाणी कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. केव्हापासून दुखते, पाळीच्या आधी की नंतर, कुठून कुठे जाते, ठणका की चमक, बसल्यावर वाढते की ओझे उचलल्यावर, त्या दिवसांत काय करावे लागते, न केल्यास काय होते, हे प्रश्न इंग्लंडमध्ये विचारले गेले नाहीत कारण उत्तर आधीच ठरले होते, की हे मनाचे आहे. बीडमध्ये ते विचारले गेले नाहीत कारण तेथेही उत्तर ठरले होते, की हे पिशवीचे आहे. यांपैकी शेवटचे दोन प्रश्न विचारले असते तर दुखण्याचा काही भाग पिशवीत नसून उचलीत आणि खाड्यात आहे हे कदाचित समोर आले असते; पण ते ऐकून घ्यायला दवाखान्यात खाते नव्हते.

पिशवी काढल्यानंतर पुरेशी विश्रांती न घेता फडावर परतलेल्या अनेकींनी कंबर आणि सांधे दुखत असल्याची तक्रार नंतर केली आहे. मोळी तर डोक्यावरूनच न्यावी लागते.